वाक्य तोंडपाठ झालं, तरी समोरच्याला का कळलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीचे एक वाचक घरीच पोर्तुगीज शिकताहेत. शब्दांच्या याद्यांचा कंटाळा आला म्हणून एका मैत्रिणीने त्यांना एक छोटं काव्यमय वाक्य जुळवून दिलं आणि सांगितलं, यातूनच शब्द शीक, यातूनच उच्चार शीक. वाक्याचा अर्थ असा: पाऊस येतो तेव्हा जुनी खिडकी समुद्राला ते सांगते, जे मन बोलत नाही. त्यांनी ते वहीत देवनागरीत असं उतरवलं: ‘क्वांडो आ चुवा चेगा, आ वेल्हा जनेला कोंटा आओ मार ओ क्वे ओ कोराकाओ नाओ डिझ.’ चोख पाठ केलं. मग पणजीला फोंताइन्हासमध्ये पोर्तुगीज बोलणाऱ्या एका वयस्क बाईंना ते म्हणून दाखवलं, तर ‘मार’ सोडून त्यांना काहीच कळलं नाही. आता ते विचारतात: ही पद्धतच चुकीची का? पुन्हा याद्यांकडे वळू का? आणि मोबाईलच्या ॲपमध्ये हेच शब्द आणखी तिसऱ्याच तऱ्हेने ऐकू येतात, ते कुठलं पोर्तुगीज?

मी गोव्यात पोर्तुगीज शिकवते. माझ्याकडे येणारे बरेच जण फोंडा, डिचोली, पेडणे भागातले, मराठी माध्यमात शिकलेले असतात, त्यामुळे ही वही मला अनोळखी नाही. पद्धत चांगली आहे आणि वाक्यही चांगलं आहे. अडचण अशी झाली की तुम्ही वाक्य पाठ केलंच नाही, त्याचं स्पेलिंग पाठ केलं, आणि तेही शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या नियमांनी वाचून. त्यावर मराठी माणसाची सवय अशी की प्रत्येक अक्षराला सारखं वजन द्यायचं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शब्द सगळे बरोबर असूनही ऐकणाऱ्याला ओळखीचं काही सापडत नाही.

पण आधी एक विचारते: तुम्ही पोर्तुगीज कशासाठी शिकताय? घरातली जुनी कागदपत्रं वाचायची असतील तर खिडकी-पावसाच्या वाक्याने फारसं भागणार नाही. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून लागू झाला आणि वारसा, लग्न यांबाबत त्याचा ठसा आजही आहे. त्या कागदांची शब्दसंपत्ती वेगळीच. तिथे ‘प्रेदिउ’ म्हणजे मिळकत, मग ती नुसती शेतजमीन का असेना. शिवाय 1911 च्या सुधारणेआधीचं स्पेलिंग जुनं, ‘फ’साठी पीएच, जोडअक्षरं दुप्पट. तिथे उच्चार दुय्यम, डोळ्यांना सराव हवा. तुम्हाला मात्र माणसांशी बोलायचं आहे असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून पुढचं सगळं बोलण्याच्या अंगाने लिहिते.

तेच वाक्य पोर्तुगालच्या प्रमाण उच्चारात साधारण असं ऐकू येतं:

‘क्वांदु अ शूवऽ शेगऽ, अ व्हॅल्यऽ झ़नॅलऽ कोंतऽ आव मार उ कऽ उ कुरसांव नांव दीश.’

शब्दाच्या शेवटचा ‘ऽ’ मी मुद्दाम घातलाय. ‘शूव’ असं लिहिलं की मराठी वाचक शेवटचा अ गिळून टाकतो. इथे तो हलकेच, पण उच्चारायचा आहे. आणि ‘झ’खाली टिंब दिलंय तो आवाज आपल्या वर्णमालेत नाही, त्याच्याकडे येतेच.

आता दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा. तुमच्या वहीत ‘आ’ किती आहेत! चुवा, चेगा, वेल्हा, जनेला, कोंटा. पोर्तुगीजमध्ये ‘ए’ हे रोमन अक्षर आघात, म्हणजे जोर, असेल तिथे ‘आ’ असतं, आघात नसेल तिथे ते आपल्या साध्या ‘अ’इतकं आखडतं. ‘ओ’ आघाताविना ‘उ’ होतो, म्हणून क्वांडो नव्हे, क्वांदु. कोरा नव्हे, कुर. आणि ‘ई’ हे रोमन अक्षर आघाताविना जवळजवळ नाहीसंच होतं. ‘क्वे’ म्हणून तुम्ही ठासून म्हणता तो शब्द प्रत्यक्षात ‘क’एवढाच उरतो. तो आखूड अ आपल्या तोंडी ‘घर’मध्ये, ‘कर’मध्ये आयता आहे. फक्त तो पोर्तुगीजमध्ये वापरायला धीर होत नाही, कारण डोळ्यांपुढे रोमन ‘ए’ दिसतो आणि तोंड आपोआप ‘आ’ उघडतं.

आघात कुठे, हे कसं ओळखायचं? या वाक्यापुरता नियम सोपा आहे. शब्द ए, ई किंवा ओ या स्वरांवर संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे शब्द तोडून म्हणताना पडणारा एकेक तुकडा): शूवऽ, शेगऽ, व्हॅल्यऽ, कोंतऽ यांत पहिल्यावर, झ़नॅलऽ मध्ये ‘नॅ’वर. ‘आंव’ या नाकातल्या शेवटावर किंवा आर, एल, झेड या व्यंजनांवर संपला तर शेवटच्या अवयवावर: कुर-सांव. या नियमाबाहेरच्या शब्दांवर बहुतेक वेळा लिखाणातच खूण असते. वाक्य म्हणताना आघाताच्या जागी बोटाने टेबलावर टक् करा आणि दोन टक्‌ंमधलं सगळं घाईने उरका. वर्गात हे करून घेते तेव्हा सुरुवातीला सगळे हसतात, कारण आपल्याला ते अर्धवट खाल्लेलं बोलणं वाटतं. पोर्तुगालमध्ये असंच बोलतात. प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारणं हा लहानपणी श्लोक पाठ करून लागलेला आपला गुण, पण इथे तोच आडवा येतो.

दुसरी मोठी गोष्ट, नाकातून येणारा ‘आंव’. तुम्ही ‘नाओ’, ‘कोराकाओ’ लिहिलंत. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला हा स्वर शिकवायला वेळ लागतो. गोव्याच्या माणसाला लागू नये. कोंकणीत ‘तुजें नांव किदें’ विचारताना जो ‘नांव’ येतो, तो आणि पोर्तुगीज ‘नाही’ हे एकमेकांच्या अगदी शेजारी आहेत. पोर्तुगीज म्हणताना तोंड किंचित कमी उघडायचं, एवढाच फरक. पुरावा हवा असेल तर मडगांवच्या स्टेशनाची पाटी आठवा. पोर्तुगिजांनी आपल्या तोंडचा ‘गांव’ ऐकला आणि त्यांच्या लिपीत तो ‘ए’वर लाट काढून पुढे ‘ओ’ असा लिहिला: मारगांव, मुरमुगांव. पुढे इंग्रजी पाट्यांवरून ती लाट गेली आणि आता आपणच ते ‘गाओ’ वाचतो. कुठल्याही पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी ती लाटवाली जोडी दिसली की मडगांव आठवायचं. मराठीने मात्र उधार घेतलेल्या शब्दांतलं हे नाक बंद केलं. ‘पांव’चा पाव झाला, ‘लेइलांव’चा लिलाव झाला. त्या सवयीने लिस्बनच्या बेकरीत ‘पाव’ मागाल तर लाकडाचा दांडका मागितल्यासारखं होईल, कारण नाकाशिवायचा ‘पाव’ हा तिथे दुसराच शब्द आहे.

या एका शेवटातून शब्दही भराभर वाढतात. इंग्रजीत ‘शन’ने संपणारे बरेच शब्द पोर्तुगीजमध्ये ‘सांव’ने संपतात: इन्फर्मेशनचं ‘इंफुर्मसांव’, नेशनचं ‘नसांव’, फाउंडेशनचं ‘फुंदसांव’. फोंताइन्हासमधल्या ओरिएन्ते संस्थेच्या पाटीवर हा शेवटचा शब्द तुम्ही वाचला असेलच. सगळे शब्द असे वळत नाहीत, पण कुरसांव तोंडात बसलं की या सगळ्यांचा उच्चार फुकट मिळतो. मला काव्यमय वाक्य यादीपेक्षा भावतं ते याच कारणाने: त्यात एकेक आवाज शब्दांच्या अख्ख्या कुळाचा प्रतिनिधी म्हणून बसतो.

सीएचचा उच्चार ‘श’. चुवा नाही, शूवऽ. तुमची चूक मात्र समजण्यासारखी आहे, आणि थोडी गमतीचीही. आपली ‘चावी’ पोर्तुगीजमधूनच आली, आणि आज पोर्तुगालमध्ये तो शब्द ‘शाव्’ असा ऐकू येतो. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले तेव्हा त्यांच्या बोलण्यात तिथे ‘च’च होता, नंतर प्रमाण बोलीत त्याचा ‘श’ झाला, उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत अजूनही च टिकून आहे. म्हणजे मराठीने सोळाव्या शतकाचा उच्चार जपून ठेवलाय. तरी आज बोलताना श म्हणा.

‘झ़नॅलऽ’चा पहिला आवाज मात्र शिकावाच लागतो. गोव्यात आपण खिडकीला ‘जनेल’ म्हणतो, शब्द घरचाच, त्यामुळे जीभ लगेच ‘ज’कडे धावते. गळ्यावर दोन बोटं ठेवा, लांब ‘शऽऽऽ’ म्हणा. बोटांना काही जाणवणार नाही. तोंडाची ठेवण तीच ठेवून आता गळ्यातून आवाज काढा, कंप जाणवेल. तो आवाज हवा. फोंताइन्हासमध्ये ‘31 द झ़नैरु’ या नावाचा रस्ता आहे, जानेवारीतला तोच आवाज. पुढच्या वेळी तिथून जाताना पाटी वाचून बघा.

बाकीचे आवाज पटकन सांगते. एलएच म्हणजे ‘ल्य’, पण एकाच झटक्यात, ल आणि य वेगळे न पाडता. एच हे अक्षर तिथे नुसती खूण आहे, ‘ह’ कुठेच नाही. कार्व्हालो आडनाव पोर्तुगीजमध्ये ‘करवाल्यु’ होतं ते याच नियमाने. त, द हे आपलेच दंत्य त, द. ट, ड ही इंग्रजीची देणगी, ती विसरा. कोंटा नको, कोंता नको, ‘कोंतऽ’. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा, आपला मराठी व फार मऊ पडतो. एकटा आर हा आपला र. दुहेरी आर किंवा शब्दारंभीचा आर लिस्बनमध्ये घशातून येतो, पण या वाक्यात तो नाहीच. आणि जिभेने थरथरवलेला जोरकस र पोर्तुगालच्या गावांतून आजही ऐकू येतो, तो म्हटलात तरी कुणी अडवणार नाही. एनएचही या वाक्यात नाही. त्याची भर शेजारीण घालेल: ‘व्हॅल्य झ़नॅल’च्या जागी ‘व्हिझीञऽ’ घाला, म्हणजे पाऊस आला की शेजारीण समुद्राला सांगू लागते. तो ञ आपल्या वर्णमालेत असून आपण क्वचितच वापरतो. नोरोन्या, आल्तिन्हो, खुद्द फोंताइन्हास, सगळीकडे तोच आहे.

व्हॅल्य आणि झ़नॅल यांत मी ‘ॲ’ची चंद्रकोर का दिली? पोर्तुगीज बोलण्यात ‘ए’ हा आवाज दोन तऱ्हांचा आणि ‘ओ’ही दोन तऱ्हांचा: एक आवळलेला, एक उघडा. ‘शेगऽ’मधला आवळलेला, ‘व्हॅल्यऽ’मधला उघडा. आजोबा ‘अव्हो’, आजी ‘अव्हॉ’. तेवढ्यावर घरातली व्यक्ती बदलते. घरात कोंकणी असेल तर हा फरक कानाला आधीच माहीत असतो, कारण कोंकणीतही दोन्ही जोड्या आहेत. नुसती मराठी असेल तर इंग्रजी ‘बॅट’, ‘बॉल’साठी घेतलेल्या चंद्रकोरींची मदत घ्या.

आता वाक्यावर काम कसं करायचं. आधी वही मिटा. माहितगार माणसाकडून वाक्य मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगाने, आणि वाचायच्या आधी काही दिवस फक्त ऐका. मग शेवटाकडून बांधत या: ‘दीश’. ‘नांव दीश’. ‘उ कुरसांव नांव दीश’. ‘उ कऽ उ कुरसांव नांव दीश’. सुरुवातीकडून गेलं की पहिले चार शब्द घोटून तयार होतात आणि शेवट ढेपाळतो. पोर्तुगीज वाक्यात जोर बहुधा शेवटीच असतो, त्यामुळे शेवट पक्का हवा. हे जमलं की स्पेलिंग बघा. तोवर कानाला जे ठाऊक झालंय त्याला डोळे फसवू शकत नाहीत. देवनागरी लिप्यंतर, माझं वरचंसुद्धा, पहिल्या काही आठवड्यांपुरतंच. नंतर ते कुबडीसारखं होतं.

मग वाक्य मोडायला लागा. इथेच बहुतेक जण थांबतात: एक सुंदर ओळ पाठ झाली, ती पाहुण्यांना म्हणून दाखवायची, संपलं. तसं केलं तर चौदा शब्द येतात आणि चौदाच राहतात. अनेकवचन करून बघा: ‘अझ़ व्हॅल्यझ़ झ़नॅलश कोंतांव आव मार’, जुन्या खिडक्या समुद्राला सांगतात. शेवटी एस आला, पण त्याचा उच्चार तिन्ही शब्दांत सारखा नाही. पुढे व्ही किंवा जे यांसारखं घोष (गळा कंपतो असं) व्यंजन असेल तर तो झ़ होतो, पुढे ‘क’ असेल तर श राहतो, आणि पुढे स्वर आला तर चक्क इंग्रजी झेडसारखा झ होतो. यादीत एकटाच बसलेला शब्द हे कधीच दाखवत नाही, कारण हा बदल दोन शब्दांच्या मधल्या फटीत घडतो. ‘दीश’चंही तसंच: एकवचनात शेवटचा झेड श ऐकू येतो, अनेकवचनात ‘दीझेंइ’ झालं की तो मधे जातो आणि झ होतो. ‘कोंतांव’च्या शेवटी पुन्हा मडगांव आहे, लिहिताना मात्र एएम असं लिहितात, आणि आघात त्याच्यावर नाही, ‘कों’वर आहे.

शब्द वाढवायचे तर प्रत्येकाला बाजारात न्या. कोंतऽ म्हणजे सांगते, आणि ‘अ कोंतऽ’ म्हणजे हॉटेलचं बिल. शेगऽ म्हणजे येतो, पोचतो. आणि कुणी ताटात वाढतच सुटलं तर ‘शेगऽ!’ म्हणजे पुरे. शूवऽ पाऊस, ‘शॉव्’ पाऊस पडतोय, ‘ग्वार्दऽ-शूवऽ’ छत्री. आमच्याकडच्या जूनमध्ये हे तीन शब्द विसरायची सोयच नाही. प्रत्येक नाम उपपदासकट, म्हणजे आधीच्या ‘अ’ किंवा ‘उ’सकट, पाठ करा, कारण लिंगात मराठी दगा देते. पाऊस आपल्याकडे पुल्लिंगी, तिथे ‘अ शूवऽ’ स्त्रीलिंगी. वर्गात ‘उ शूवऽ’ म्हणणारे सगळे मराठी असतात.

काव्यमय वाक्याबद्दल एक इशारा मात्र देते. कविता शब्दांची जागा हलवते. तुमच्या वाक्यात ‘जुनी’ हे विशेषण खिडकीच्या आधी आलंय, कारण तिथे जिव्हाळा आहे. सुताराला सांगताना लोक ‘झ़नॅलऽ व्हॅल्यऽ’ म्हणतील, विशेषण मागे. काही वेळा अर्थच बदलतो: ‘व्हॅल्यु अमीगु’ म्हणजे जुना दोस्त, ‘अमीगु व्हॅल्यु’ म्हणजे वयाने म्हातारा मित्र. म्हणून अशी ओळ निवडताना क्रियापद वर्तमानकाळात असलेली, लहान, आणि रोजच्या शब्दांची निवडावी. जुन्या कवितेतली भारदस्त ओळ उच्चारासाठी चालेल, पण तिच्यातला शब्दक्रम घेऊन बाजारात गेलात तर लोक चमकून बघतील.

ॲपमधला तिसरा उच्चार बहुधा ब्राझीलचा. तिथे ‘दीश’चा ‘जीस’ होतो, ‘कऽ’चा ‘कि’, आणि ‘कुरसांव’ला पहिला ओ नीट ऐकू येतो, ‘कोरासांव’. रिओकडे ‘मार’मधला शेवटचा र हकारासारखा सुटतो. ब्राझीलच्या बोलण्यात स्वर मोकळे असल्याने मराठी कानाला ते सोपं जातं, आणि ते अशुद्ध अजिबात नाही. पण 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोव्यात जी पोर्तुगीज होती ती पोर्तुगालची, आपल्याकडचे वयस्क लोक तीच बोलतात आणि इथे शिकवलीही तीच जाते. फोंताइन्हासच्या त्या बाईंशी बोलायचं असेल तर तीच धरा. दोन्ही एकदम धरलीत तर ‘जीस’ आणि ‘कुरसांव’ एकाच वाक्यात येतील, आणि कुठलाच कान समाधानी होणार नाही.

ऐकण्यासाठी पोर्तुगालच्या सरकारी आरटीपीच्या बातम्या इंटरनेटवर मिळतात. अर्थ कळो न कळो, रोज थोडा वेळ लावा आणि फक्त शेवटचे श आणि मधले आंव टिपा. फादु ही पोर्तुगालची गाणी ऐकायला जरूर ऐका, मलाही आवडतात, पण उच्चार त्यांवरून घेऊ नका: गाताना सुराला धरायला स्वर लागतो, म्हणून बोलताना गिळलेले स्वर गाण्यात पुष्कळदा पुन्हा उमटतात. समोर बसून चुका दाखवणारा माणूस हवा असेल तर पणजीत कामोंइश संस्थेचं पोर्तुगीज भाषा केंद्र आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे. डिचोलीहून रोज जाणं जमत नसेल तर गावातलं एखादं पोर्तुगीज बोलणारं घर शोधा आणि तिथल्या आजींना वाक्य म्हणायला लावून रेकॉर्ड करून घ्या. त्यांचा र तुमच्या ॲपपेक्षा वेगळा असेल, तो तसाच उचला.

नवं रेकॉर्डिंग केलंत तर एवढं करा: आधी आजींचं ऐका, लगेच स्वतःचं ऐका, आणि पहिल्या फेरीत फक्त एकच गोष्ट तपासा, शब्दांच्या शेवटी ‘आ’ उरलाय का. तो गेला असेल तर दुसऱ्या फेरीत नांव आणि कुरसांव. झ़नॅलचा झ़ शेवटी, त्याला वेळ लागतो.